झाड शेजाऱ्याचे, पत्रे आपले: भरपाई कोणी द्यायची?

एप्रिल सरत आला की सोलापुरात दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागते. आधी धुळीचे लोट उठतात, मग वारा सुटतो आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या वळिवात शहरात ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते ती किती झाडे पडली, वीज किती वेळ गेली आणि कोणता रस्ता बंद राहिला याची. त्या झाडाखाली ज्याची भिंत खचली, ज्याच्या घराचे पत्रे चेपले किंवा ज्याची रिक्षा दबली, त्याचा खर्च अखेर कोणी सोसला हे मात्र कुठे छापून येत नाही, कारण बहुतेक वेळा तो त्यानेच सोसलेला असतो. शेजाऱ्याशी दोन दिवस बोलाचाली होते, गल्लीतले कोणीतरी वडीलधारे मध्ये पडतात, "देवाची करणी, त्याला तो तरी काय करणार" असे म्हणून विषय गुंडाळला जातो आणि दोन घरांमधली अढी पुढे वर्षानुवर्षे टिकते.

या प्रश्नाला दोन उत्तरे लोकांच्या तोंडी तयार असतात. ज्याचे झाड त्याने भरावे, हे एक. निसर्गाच्या कोपाला कोणीच जबाबदार नाही, हे दुसरे. माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे अन्याय होतो. भरपाईचे ओझे झाड कोणाच्या जागेत उगवले यावर ठरू नये. झाड धोक्याचे झाले आहे हे कोणाला कळले होते किंवा कळायला हवे होते, आणि कळल्यानंतर काही करण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता, या दोन गोष्टींवर ते ठरले पाहिजे. ही कसोटी प्रामाणिकपणे लावली तर कधी बोट शेजाऱ्याकडे जाईल, कधी आपल्या स्वतःकडे येईल आणि पुष्कळदा महापालिकेकडे वळेल.

कायदाही मुळात याच दिशेने जातो. शेजाऱ्याच्या झाडाने झालेल्या नुकसानीची भरपाई अमुक इतकी आणि तमुक माणसाने द्यावी, असे एका कलमात लिहून ठेवलेले नाही. निष्काळजीपणा झाला होता का, या प्रश्नावर दिवाणी न्यायालयात दावा उभा राहतो आणि न्यायालयांच्या निकालांतूनच त्याचे नियम घडलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 1997 साली राजकोट महापालिकेच्या प्रकरणात, रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून मृत्यू पावलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई देण्याची जबाबदारी न्यायालयाने महापालिकेवर टाकली नाही, कारण ते झाड धोकादायक झाले असल्याची जाणीव तिला होती असे दिसत नव्हते. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1999 साली, दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात मात्र निकाल उलट लागला. तिथे स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर वाळलेली फांदी पडली होती. उद्यान विभागाने झाडांची वेळोवेळी पाहणी करून वाळलेल्या, मेलेल्या, जाणाऱ्या-येणाऱ्यांना धोका होईल अशा फांद्या काढायला हव्या होत्या, असे न्यायालयाने म्हटले आणि महापालिकेला जबाबदार धरले. दोन्ही निकालांच्या मुळाशी प्रश्न एकच होता: धोका दिसत होता का? हेही नोंदवले पाहिजे की दोन्ही प्रकरणांत अपघातापासून अंतिम निकालापर्यंत दोन दशकांहून अधिक काळ गेला. माणूस गेल्यावर इतकी वर्षे लढणारे कुटुंब एखादे असते. पाच-सहा पत्रे आणि एक भिंत यांच्यासाठी कोणी इतके लढत नाही.

धोका दिसत होता की नव्हता, हे झाड पडल्यानंतर काही तास तरी अगदी स्पष्ट असते. बुंधा जिथून मोडला ती जागा नीट पाहावी. लाकूड पांढरे-पिवळसर, ओले आणि लांब तंतू ओढून फाटलेले असेल, तर झाड आतून निरोगी होते आणि वाऱ्याच्या जोरापुढे हरले. उलट आतला भाग तपकिरी, भुसभुशीत, बोटाने चुरा होणारा असेल, मध्ये ढोली असेल, सालीखाली वाळवीचे मातीचे बोगदे वर चढत गेलेले असतील, बुंध्याच्या तळाशी कडक अळंबी फुटलेली असेल, तर ते झाड काही वर्षांपासून मरत होते आणि रोज त्याच्या सावलीत बसणाऱ्याला ते दिसू शकत होते. हाच खरा पुरावा आणि नेमका तोच संध्याकाळपर्यंत नाहीसा होतो. करवतवाले येतात, तुकडे पाडतात, लाकूड टेम्पोत भरून वखारीत जाते आणि उरतो तो जमिनीलगत कापलेला बुडखा. मग एक म्हणतो झाड ठणठणीत होते, दुसरा म्हणतो पोकळ होते, आणि दोघांपैकी कोणाचेही खरे मानायला आधार उरत नाही. म्हणून झाड हलवण्यापूर्वी मोडलेल्या जागेचे, मुळांचे आणि झालेल्या नुकसानीचे फोटो काढून, दोन त्रयस्थांच्या सह्यांनिशी पंचनामा करून ठेवणे हे भरपाई मागणाऱ्याइतकेच झाडाच्या मालकाच्याही हिताचे आहे. झाड निरोगी होते हे सिद्ध करण्याची गरज त्यालाच अधिक पडते.

आता वाऱ्याविषयी. 'दैवी आपत्ती' हा बचाव न्यायालयात चालतो. पण तो अशा घटनेला लागू पडतो की जिची माणसाला वाजवी अटकळ बांधता आली नसती. सोलापुरातला वळीव तसा आहे काय? तो दरवर्षी येतो, चैत्र-वैशाखात येतो, दुपारनंतर येतो आणि वारा घेऊनच येतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात, पहिल्या सरीने ती एकदम ढिली होते, आणि गुलमोहरासारखी वरवर मुळे पसरणारी, ठिसूळ लाकडाची झाडे अशा वेळी आधी पडतात, हे इथल्या कोणत्याही जाणत्या माळ्याला ठाऊक आहे. एखाद्या वर्षी खरोखरच अभूतपूर्व वादळ झाले आणि उभी, निरोगी झाडे ओळीने आडवी झाली तर गोष्ट वेगळी. परंतु नेहमीच्या वळिवात पोखरलेले झाड पडते तेव्हा ती देवाची करणी म्हणणे म्हणजे माणसाची हयगय देवाच्या नावावर खपवणे आहे.

इथपर्यंत झाडाच्या मालकाला धारेवर धरणे सोपे वाटते. पण त्याची बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. आपल्या अंगणातले झाड तोडण्याचा मालकाला मोकळा अधिकार नाही. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975' या कायद्याप्रमाणे शहरातले झाड, ते खासगी जागेत असले तरी, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळाले. हा कायदा योग्य आहे आणि मी त्याचा पूर्ण समर्थक आहे. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा 43 अंशांच्या पुढे जातो आणि पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे वाढलेले प्रत्येक झाड ही एका मालकाची नसून साऱ्या गल्लीची मिळकत असते. पण याच कायद्याची दुसरी बाजू अशी की, मालकाने "माझा कडुलिंब आतून पोकळ झाला आहे, तो शेजारच्या पत्र्यांवर झुकला आहे, परवानगी द्या" असा अर्ज केल्या क्षणापासून त्या झाडाचे पुढे काय करायचे याचा निर्णय त्याच्या हातात राहत नाही. मेलेल्या, रोगट किंवा जीविताला आणि मालमत्तेला धोका ठरणाऱ्या झाडाची परवानगी नाकारू नये असे कायदाच सांगतो. गंभीर धोका असेल तर वृक्ष अधिकाऱ्याला तातडीने पाऊल उचलण्याची मुभाही देतो. एवढे असूनही अर्ज टेबलावर पडून राहिला, पाहणीला कोणी आले नाही आणि मधल्या वळिवात झाड पडले, तर ते नुकसान त्या मालकाने का सोसावे? त्याने वेळेवर सांगितले होते. करण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याने केले नाही. अर्जाला पोच मिळाली त्या तारखेपासून, पाहणीला लागणारे वाजवी दिवस सोडून, जबाबदारी मालकाकडून महापालिकेकडे गेली असेच मानले पाहिजे.

उलट बाजूने, ज्याला झाडाची भीती वाटते त्या शेजाऱ्यावरही एक कर्तव्य येते. झाड पडण्याआधी त्याने तोंडी कुरकुर करण्यापलीकडे काही केले होते का? शेजाऱ्याला लेखी कळवले, त्याची प्रत उद्यान विभागाला दिली आणि आवक क्रमांक घेतला, तर धोका माहीत नव्हता असे म्हणायची सोय कोणालाच राहत नाही. त्यापुढेही एक मार्ग आहे, जो फार थोड्यांना माहीत असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 133 होते) एखादे झाड पडून शेजारपाजारच्या किंवा वाटसरूंच्या जिवाला इजा होण्याजोगे असेल तर ते काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, असे स्पष्टपणे झाडाचे नाव घेऊन म्हटले आहे. काढणे किंवा आधार देणे, हे दोन्ही पर्याय तिथे आहेत, ही बाब मला महत्त्वाची वाटते. धोकादायक झाडाचे उत्तर प्रत्येक वेळी कुऱ्हाड हेच नसते. कधी वजनदार फांदी उतरवणे, कधी टेकू देणे, कधी बुंध्याभोवतीचे सिमेंट फोडून आळे मोकळे करणे एवढ्याने भागते.

सिमेंटचा विषय निघालाच आहे तर जबाबदारीची तिसरी दिशा सांगितली पाहिजे, कारण वादात तिचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. निरोगी दिसणारे झाड मुळासकट उपटून पडते तेव्हा त्याच्या खड्ड्यात उतरून पाहावे. एका बाजूची मुळे पुष्कळदा सरळ रेषेत तोडलेली आढळतात. ड्रेनेजसाठी, केबलसाठी, नव्या काँक्रीट रस्त्यासाठी चर खणताना यंत्राच्या एका फटक्यात ती तुटलेली असतात आणि वरून डांबर किंवा काँक्रीट अगदी बुंध्यापर्यंत आणलेले असते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे ती शिस्त आजही बहुतेक रस्त्यांवर दिसत नाही. तारांखालच्या फांद्या एकाच बाजूने छाटून सारा भार दुसऱ्या बाजूला टाकलेली झाडेही जागोजागी दिसतात. अशा झाडाचा मालक कागदावर कोणीही असो, ते पाडण्याचे काम चर खणणाऱ्याने किंवा एकांगी छाटणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असते आणि भरपाईत त्याचा वाटा असलाच पाहिजे.

आणि कधी कधी तो चर खणणारा ज्याचे नुकसान झाले तोच असतो. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत जुने बंगले पाडून नव्या इमारती उठत आहेत. हद्दीपर्यंत पाया खणताना शेजारच्या झाडाची अर्धी मुळे तोडली जातात, मातीला आधार न देता खड्डा पावसाळाभर उघडा ठेवला जातो आणि झाड त्याच खड्ड्याच्या बाजूला कलते. अशा वेळी नव्या भिंतीची भरपाई झाडाच्या मालकाकडे मागण्याचा नैतिक अधिकार त्या बांधकाम करणाऱ्याला नाही, असे मी स्पष्टपणे म्हणतो. झाडाच्या मालकानेच आपल्या गेलेल्या झाडाबद्दल त्याला जाब विचारला पाहिजे.

सोलापूरची म्हणून एक खास अडचण आहे ती कुलूपबंद घरांची. मुले पुण्याला नोकरीला गेली, आई-वडील गेले, घर चार भावंडांच्या नावावर आले आणि वाटणी अडली. अशी घरे आणि मोकळे प्लॉट प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक सोसायटीत आहेत. तिथे सुबाभूळ माजते, भिंतीच्या फटीत पिंपळ रुजतो, उंबर घरापेक्षा उंच होतो आणि त्याला हात लावायला कोणी धजत नाही, कारण उंबर आणि पिंपळ तोडण्याचे पाप माथी घ्यायची मालकाची तयारी नसते आणि अनेकदा करवतवाल्याचीही नसते. त्या श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही. तिने या शहरात पुष्कळ झाडे वाचवली आहेत. पण श्रद्धेने झाड राखायचे तर त्याची देखभालही त्याच श्रद्धेने केली पाहिजे, आणि मालक परगावी आहे म्हणून शेजाऱ्याने पडझड सोसायची, हे चालणार नाही. मालमत्ता कराच्या नोंदीत ज्यांची नावे आहेत त्या सर्वांना महापालिकेने नोटीस द्यावी, मुदतीत काही झाले नाही तर स्वतः छाटणी करून घ्यावी आणि खर्च त्याच मालमत्तेच्या करबिलात चढवावा. न राहणाऱ्या मालकाला याहून परिणामकारक भाषा कळत नाही.

विम्याची गोष्ट थोडक्यात. वाहनाचा केवळ त्रयस्थ पक्ष विमा असेल तर झाडाखाली चेपलेल्या आपल्या गाडीचे काहीच मिळत नाही; सर्वसमावेशक विमा असेल तर मिळते. घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे आणि तिच्यात वादळासह झाड कोसळून होणाऱ्या नुकसानीचाही समावेश आहे. भरपाई दिल्यानंतर, शेजाऱ्याची हयगय असेल तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा मार्ग विमा कंपनीला मोकळा राहतो. शेजाऱ्याशी वैर न घेता घर सावरायचे असेल तर ज्याला परवडते त्याने हा मार्ग धरावा.

पण ज्याला परवडत नाही त्याचे काय, हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. पूर्वभागातल्या एखाद्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली दोन-चार यंत्रमाग चालतात. शेजारच्या आवारातले झाड शेडवर आले की नुसते पत्रे जात नाहीत. छताला पेलणारी लोखंडी कैची वाकते, मागावर चढवलेला रंगीत सुताचा बीम पावसात भिजतो, एका रंगाचा डाग दुसऱ्यावर उतरतो आणि विणायला घेतलेला सगळा माल वाया जातो. मोटारीत पाणी शिरते, शेड उभी होईपर्यंत माग बंद राहतात आणि त्यांवर काम करणाऱ्याची त्या दिवसांची मजुरी बुडते. शेजारीही बहुधा त्याच परिस्थितीतला असतो. त्याच्याकडून भरपाई मागितली तर त्याला कर्ज काढावे लागेल, न मागितली तर याला काढावे लागेल. झाड निरोगी होते, कोणाचीच चूक नव्हती असा निष्कर्ष निघाला तर कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपते आणि तोटा जिथे पडला तिथेच राहतो.

मला हे मान्य नाही. झाडे तोडू नका असे समाज कायद्याने सांगतो, कारण त्यांची सावली आणि गारवा सर्वांना हवा असतो. मग त्या झाडामुळे निष्कारण नडलेल्या माणसाचा भारही सर्वांनी थोडा-थोडा उचलला पाहिजे. यासाठी पैशाचा स्रोत नव्याने शोधावा लागत नाही. 1975 च्या कायद्यानेच मालमत्तेवर वृक्ष उपकर बसवण्याची तरतूद केलेली आहे. त्या उपकरातून रोपे लावली जातात, संरक्षक जाळ्या बसतात, वृक्षगणना होते. त्यातलाच एक ठरावीक हिस्सा, विमा नसलेल्या लहान घरांच्या आणि कारखान्यांच्या अशा नुकसानीसाठी राखून ठेवावा. नैसर्गिक आपत्तीच्या निकषांत बसले तर महसूल खात्याकडून काही मदत मिळते, पण ती मोडलेल्या घराच्या डागडुजीलाही पुरत नाही आणि बंद पडलेल्या मागाचा तर तिच्यात विचारच नसतो.

मालकानेच सरसकट भरावे असा आग्रह धरणाऱ्यांनी त्याचा परिणाम काय होईल, हेही पाहावे. झाड निरोगी असले तरी ते पडल्यास लाखाची भरपाई आपल्या डोक्यावर येणार, हे कळल्यावर कोण आपल्या अंगणात कडुलिंब ठेवील? परवानगी मिळाली नाही तर रात्रीतून बुंध्याशी आम्ल ओतले जाईल, साल गोलाकार सोलली जाईल आणि पुढच्या वर्षी ते मेलेले झाड कायदेशीरपणे तोडले जाईल. असे प्रकार आजही होतात. भरपाईची भीती घातली तर ते गल्लोगल्ली होतील.

या योजनेवर एक आक्षेप रास्त आहे. जबाबदारी झटकण्यासाठी जो तो अर्ज करील आणि ज्यांना बांधकामासाठी झाड नकोच आहे ते सर्वांत आधी करतील. त्याला उत्तर पाहणीच्या गुणवत्तेत आहे. प्रत्येक अर्जावर वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर जाऊन बुंधा, ढोली, मुळे आणि झुकाव पाहून लेखी अभिप्राय द्यावा, फोटो जोडावेत आणि झाड सुदृढ वाटत असेल तर तसे कारणांसह लिहून परवानगी नाकारावी. प्रामाणिक पाहणीनंतरही ते झाड पडले तर दोष अधिकाऱ्याचा नाही आणि मालकाचाही नाही. अशा नुकसानीसाठीच उपकरातला तो राखीव हिस्सा असेल. पाहणी न करता अर्ज दाबून ठेवला असेल तर मात्र भरपाई महापालिकेच्या सर्वसाधारण खर्चातून जावी आणि तिची नोंद संबंधित विभागावर व्हावी. रकमेवरून उरलेले वाद लोकअदालतीत मिटू शकतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीही अर्ज करता येतो, त्याला न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि तिथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते. दोन शेजाऱ्यांना पुढेही एकाच भिंतीला लागून राहायचे असते, म्हणून साक्षी-पुराव्यांच्या दीर्घ लढाईपेक्षा ही जागा त्यांना अधिक योग्य आहे.

यातल्या बऱ्याचशा गोष्टींना नवा कायदा लागत नाही, महापालिकेचा ठराव आणि उद्यान विभागाची एक नोंदवही पुरेशी आहे. फेब्रुवारीत प्रत्येक प्रभागात धोकादायक झाडांचे अर्ज मागवावेत, प्रत्येकाला तारखेची पोच द्यावी, मार्चअखेरपर्यंत पाहणीचे अभिप्राय प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावेत आणि ज्या झाडांना छाटणी किंवा आधार लागणार आहे ते काम वळिवाचा पहिला वारा सुटण्यापूर्वी संपवावे.